पारडीच्या वाटणीचं दूध

तानूबाईला किळस फार. ताकात पडलेली माशी, दुसऱ्यानं तोंड लावलेला तांब्या, पाटाच्या कडेला सकाळी सकाळी बसलेली माणसं, काहीही दिसलं की तिच्या पोटात ढवळायचं. ती थुंकायची, पदरानं तोंड पुसायची आणि दिवसभर त्यावर बोलत राहायची. सांगवीच्या बायका म्हणायच्या, "ही बामणाच्या घरात जन्माला यायची, वाट चुकून आमच्यात आली." त्यावर तानूबाईचं उत्तर ठरलेलं, "चुकली खरी. घाणीत येऊन पडले." अशा बाईच्या गळ्यात नाकं गळणाऱ्या साठ-सत्तर पोरांना रोज दूध पाजायचं काम पडावं, याची गावाला मोठी गंमत वाटली होती.

साल पंचावन्न. गावात नवा दवाखाना झाला होता, म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या आणि पुढं ओटा. बारामतीहून एक तरुण डॉक्टर आठवड्यातून दोनदा सायकलवर यायचा. पावसाळ्याच्या तोंडावर त्याच्या मागोमाग बैलगाडीतून पुठ्ठ्याची चार मोठी पिंपं आली, आणि पुढंही अधूनमधून येत राहिली. आत दुधाची भुकटी, परदेशातून आलेली, लोणी काढून घेतलेल्या दुधाची. ती कोमट पाण्यात घुसळायची आणि लहान पोरांना, पोटुशा आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना वाटी-वाटी द्यायची. नेम एकच होता. दूध ओट्यावर बसून, डोळ्यांदेखत प्यायचं, घरी न्यायचं नाही. घरी नेलेलं दूध कोणाच्या घशात उतरतं, हे तो नेम करणाऱ्याला चांगलं ठाऊक असावं.

पहिल्या दिवशी कोणी फिरकलंच नाही. ही हाडाची पूड आहे, असं कोणीतरी उठवून दिलं होतं. कोणी म्हणालं, भिंतीला लावून बघा, चुन्यापेक्षा पांढरी दिसेल. तानूबाई तेव्हा दवाखान्यात झाडलोट करायची. तिनं पाणी तापवलं, रवीनं भुकटी घुसळली, वाटी भरली आणि लांब उभ्या राहून बघणाऱ्या बायकांसमोर घटाघटा पिऊन टाकली. त्या दुधाला ओल्या पुठ्ठ्याचा वास होता. ते पोटात ठेवायला काय सोसावं लागलं ते तिचं तिला माहीत. घरी जाऊन तिनं चार वेळा राखुंडीनं दात घासले आणि रात्री जेवली नाही. पण दुसऱ्या दिवशी अकरा पोरं आली, आणि महिन्याभरात ओटा पुरेना.

तिनं हे उगाच केलं नव्हतं. तानूबाई मूळची इंदापुराकडच्या कोरड्या माळावरची. लग्न होऊन नीरेच्या पाटावर आली. नवरा पाटकरी होता, पाळीप्रमाणे शेताशेताला पाणी सोडायचा. तो खोकल्यानं गेला. त्याच्या आधी लेक गेली होती, एकुलती एक ठमी, सव्वातीन वर्षांची. जाण्यापूर्वी दोन महिने ठमीचे गाल टरारून आले होते, हातपाय गुबगुबीत झाले होते, केसांवर तांबूस झाक आली होती, आणि तानूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला हौसेनं दाखवत होती, "बघा, माझ्या लेकीनं कसं बाळसं धरलंय." पोर गेली तेव्हा तिनं शेजारणीवर खापर फोडलं, तिचीच दृष्ट लागली म्हणून. पुढं बावीस वर्षं ती त्या बाईशी बोलली नाही.

मग त्या पावसाळ्यात डॉक्टरनं ओट्यावर एका गुबगुबीत पोराचा पाय हातात घेतला, नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. मांसात खड्डा पडला होता, तो भरून येईना. "हे बाळसं नाही, बाई," डॉक्टर म्हणाला. "पाणी आहे. अंगावरचं दूध तुटलं आणि नुसती भाकरी पोटात गेली, की असं पाणी भरतं. अशी पोरं हसत नाहीत, खेळत नाहीत. नुसती बसून राहतात, हात लावला की किरकिरतात." तानूबाई त्या खड्ड्याकडं बघत राहिली. ठमी शेवटी शेवटी उंबऱ्यावर नुसती बसून असायची, आणि आपण तिला किती शहाणी पोर म्हणून नावाजत होतो, ते तिला आठवलं. जगाची किळस करणाऱ्या त्या बाईला त्या दिवशी स्वतःची किळस आली, आणि ती पुढं कधी पुरती गेली नाही.

आता पिंपांचं सांगतो. दवाखान्याचा पत्रा गळायचा, उंदीर होते, म्हणून पिंपं सर्जेरावांच्या घरी ठेवली होती. सर्जेराव गावातल्या दूध कमिटीचे अध्यक्ष. पाटाखालचा ऊस, पक्कं घर, गोठ्यात पाच म्हशी. माणूस हसून बोलणारा, गाव त्यांना आबा म्हणायचं. गाव ज्याला चांगला माणूस म्हणतं तसे ते होते, म्हणजे प्रत्येकाचं त्यांच्याकडं काही ना काही अडलेलं होतं. रोज सकाळी त्यांचा गडी भुकटीचा डबा ओट्यावर आणून द्यायचा. दसऱ्याच्या सुमारास तो डबा अर्धाच यायला लागला. "आबांनी सांगितलंय, पाणी जरा वाढवा," गडी म्हणाला. तानूबाईनं चार दिवस पाणी वाढवलं. पाचव्या दिवशी वाटीतलं दूध इतकं निळसर झालं, की तिला त्याची शिसारी आली, आणि ती तडक सर्जेरावांच्या घरी गेली.

ओसरीवर कोणी नव्हतं म्हणून ती मागं गोठ्याकडं वळली. तिथं सर्जेरावांची सून कौसल्या बादली घेऊन बसली होती आणि म्हशीची पारडी बादलीत तोंड घालून चुरूचुरू पीत होती. पारडीच्या कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून तिचं नाव चांदी. ती जन्मली तेव्हा सर्जेरावांनी गावात साखर वाटली होती. पाठीवरून हात फिरवला तर घसरावा अशी ती तुकतुकीत झाली होती. बादलीचा वास तानूबाईला लांबूनच आला. तो वास तिनं झोपेतही ओळखला असता.

"कौसल्ये, हे कुणाचं दूध?"

कौसल्येनं मान खाली घातली. "मामंजींनी सांगितलंय तसं करती, आत्या."

सगळं उघड होतं. पारडी समोर नसली तर म्हैस पान्हा सोडत नाही, म्हणून पारडी जगवायची. पण तिनं आईचं दूध पोटभर प्यायलं तर बारामतीला विकायला काय धाडायचं? तेव्हा तिला दोन घोट कासेला लावायची, ओढून बाजूला बांधायची, आणि गावाच्या पोरांसाठी आलेली भुकटी कालवून तिचं पोट भरायचं. सगळे गवळी पारडाला फसवतात, त्यात नवल नाही. पण फसवायला पोरांच्या तोंडचं दूध वापरायची अक्कल कोणाला सुचली नव्हती.

तेवढ्यात तानूबाईचं लक्ष गोठ्याच्या पायरीकडं गेलं. तिथं कौसल्येची लेक रतन बसली होती. वय तीन, गाल फुगलेले, पाय मुसळासारखे. ओठावर माशी बसली होती ती हाकलायलाही पोरीचा हात उठत नव्हता. आतून सर्जेरावांची बायको द्वारकाबाई आली आणि कौतुकानं म्हणाली, "बघितलंस का आमच्या रतनचं बाळसं? नजर लागंल बाई."

तानूबाई खाली बसली. तिनं पोरीची नडगी अंगठ्यानं दाबली आणि सोडली.

"वैनी, ही सूज हाय. माझी ठमी अशीच गेली."

"तुझ्या घरात खायला नव्हतं," द्वारकाबाई म्हणाली. "आमच्या गोठ्यात पाच म्हशी हायत."

"म्हशी हायत. पोरीला दूध मिळतं का?"

"पोरीला सोसत न्हाय. आन भाऊ झाल्यापासनं ती चहात भाकरी चुरून खाती की."

"मग रोज ओट्यावर धाडा. मी पाजती."

द्वारकाबाईचा चेहराच बदलला. "गावाबाहेरच्या पोरांच्या रांगंत सर्जेरावांची नात वाटी धरून बसंल? लोक त्वांडात शेण घालतील आमच्या."

त्याच रांगेचं दूध गोठ्यात चालत होतं, तिथं लाज नव्हती. लाज फक्त नातीच्या वाटीची. तानूबाईनं दुसऱ्या दिवशी डॉक्टरला दोन्ही गोष्टी सांगितल्या, भुकटीची आणि रतनची. डॉक्टर लाल झाला, आज बोलतोच म्हणाला, आणि सर्जेरावांच्या ओसरीवर जाऊन साखर घातलेला चहा पिऊन आला. पारडीबद्दल तो अक्षर बोलला नाही. येताना पिशवीत गूळ होता. रतनसाठी मात्र त्यानं एवढं केलं, की पोर किरकिर करते तर दिवसभर तानूबाईकडं ठेवा, असं द्वारकाबाईला पटवलं. द्वारकाबाईनंही बरं झालं म्हणून धाडून दिली. "न्हे बाई, डोकं खाती नुसतं."

बारा दिवस तानूबाईनं ती पोर सांभाळली. रांगेत नाही, आतल्या खोलीत, दाराआड, म्हणजे घराण्याचं नाक शाबूत. डॉक्टरनं सांगितल्याप्रमाणे थोडं थोडं, दिवसातून पाच वेळा. पहिले तीन दिवस पोरीनं ओकून तानूबाईचं लुगडं खराब केलं. एरवी अंगावर शिंतोडा उडाला तर आंघोळ करणारी ही बाई, पण ती लुगडं धुवायची आणि पुन्हा वाटी पुढं करायची. चौथ्या दिवसापासून दूध टिकायला लागलं. मग पोरीला लघवी व्हायला लागली, इतकी की अंथरूण वाळेना. सूज उतरली. गाल आत गेले, बरगड्या मोजता याव्यात अशा वर आल्या, पाय काड्यांसारखे झाले. आणि बाराव्या दिवशी रतन दाराबाहेर ओट्यावर आली, तिनं दुसऱ्या एका पोराच्या हातातली वाटी हिसकावली, त्यानं ओढली तर त्याला चावली, आणि मोठ्यानं हसली. तानूबाईनं त्या चावलेल्या पोराला थोपटलं आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

त्याच संध्याकाळी द्वारकाबाईनं नातीला नीट बघितलं आणि घर डोक्यावर घेतलं. "भरलेली पोर दिली हुती, सांगाडा आणून दिला! काय पाजलं हिला?" आळीतल्या बायका गोळा झाल्या. ज्यांची पोरं त्याच दुधावर उभी राहिली होती त्याही बायका रतनच्या बरगड्यांकडं बघून हळहळल्या. तानूबाई सांगत राहिली, की पाणी उतरलं, आता मांस धरेल, महिनाभर थांबा. कोणाला पटेना. गुबगुबीत पोर म्हणजे सुखाची, हे त्यांनी आईच्या दुधासोबत प्यायलेलं होतं. तिनंही प्यायलेलं होतं, म्हणून तिला त्यांना मूर्ख म्हणता येईना.

सकाळी सर्जेरावांनी तिला बोलावलं. रागावले नाहीत. "तानूबाई, तुमचं वय झालं," ते म्हणाले, "आता इसावा घ्या." ओट्यावरची रवी त्यांच्या गड्याच्या बायकोच्या हाती गेली. वाटीतलं दूध आणखी निळं झालं. चार दिवसांनी डॉक्टर रस्त्यात भेटला तर सायकलवरून न उतरताच म्हणाला, "मी काय करणार, बाई?" तो दिसेनासा होईपर्यंत तानूबाई तिथंच उभी राहिली, आणि मग थुंकली.

महिना गेला. चंपाषष्ठीला खंडोबाच्या देवळात द्वारकाबाई रतनला कडेवर घेऊन आली. पोर पुन्हा फुगली होती. गाल टम्म, डोळे त्यात बुडालेले. "घरचा हात लागला, बघा," द्वारकाबाई सगळ्यांना सांगत होती. "पुन्यांदा बाळसं धरलं का न्हाय?" बायकांनी कानशिलावर बोटं मोडली. कोणी म्हणालं, दृष्ट काढा हो. रतन खांद्यावर मान टाकून नुसती बघत होती. तानूबाई देवळाच्या मागं गेली आणि तिथं खरोखरच ओकली. प्रसादाचा भंडारा हातावर होता, तो तिला कपाळाला लावता आला नाही.

त्या आठवड्यात एका दुपारी, घरातली माणसं उसात असताना, कौसल्या तानूबाईच्या दारात उभी राहिली. एका काखेत तान्हा, दुसऱ्या हातात झाकलेली कासंडी, आणि पदराला धरून रतन.

"आत्या," ती म्हणाली, "तुमच्याकडं हुती तवा वाळली, पर हसत हुती. घरला आल्यापासनं फुगली, आन हसणं बंद. मी आई हाय तिची. मला दिसतंय."

"तुझ्या सासूला सांग की."

"सांगून बघितलं." कौसल्येनं कासंडीवरचं फडकं काढलं. "चांदीचं हाय. निम्मं तिला दिलं, निम्मं आणलं. रोज आणीन."

"पारडी वाळंल. समजंल त्यास्नी."

"समजंल तवा समजंल."

तानूबाईनं वाटी घेतली. गावाच्या पोरांचं दूध चोरून पारडीला, आणि पारडीचं चोरून पोरीला. हा प्रवास मनात आला तेव्हा तिला शिसारीच आली, पण तिनं वाटी पोरीच्या ओठाला लावली. पोर प्यायली.

पौष लागेपर्यंत रोज दुपारी कौसल्या येत राहिली. रतनची सूज पुन्हा उतरली. द्वारकाबाई म्हणाली, थंडी बाधली असेल, आणि तिनं पोरीच्या गळ्यात एक काळा दोरा बांधला. याहून जास्त तिच्यासाठी त्या घरात कोणी काही केलं नाही.

पण चांदीची कातडी निस्तेज झाली, हे सर्जेरावांनी आठवड्यातच हेरलं. कणा वर आला, शेपटीजवळचे केस उभे राहिले. रोज उठून ते तिला बघायला लागले. पौष लागला तेव्हा त्यांनी घरचा माणूस सायकलवर बारामतीला धाडला आणि जनावरांच्या डॉक्टरला घेऊन या, म्हणून सांगितलं. दुपारी डॉक्टर आला तेव्हा गोठ्यापुढं अर्धी आळी जमली होती. तानूबाईही गेली. कौसल्येला एकटी ठेवायला तिचं मन घेईना.

डॉक्टरनं पारडीच्या डोळ्यांच्या पापण्या उलटून बघितल्या, पोटाला हात लावला आणि विचारलं, "वय काय हिचं?"

"नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, झुंजुमुंजू व्हायला जन्मली," सर्जेराव म्हणाले. "पयल्या दिवशी चीक नीट प्यायली. दिवाळीत एकदा हगवण लागली ती दोन दिवसांत थांबली. मंगळवारपासनं बादलीत त्वांड घालती आन हिकडं तिकडं बघती."

तानूबाई ऐकत होती. रतनचं वय याच माणसाला दवाखान्याच्या डॉक्टरनं मागं विचारलं होतं, तेव्हा "असंल दोन-तीन" म्हणून त्यानं बायकोकडं बघितलं होतं. पारडीचा एकेक दिवस त्याच्या ध्यानात होता. मायेनं बोलत होता तो. त्याला माया नव्हती असं कोणी म्हणू शकलं नसतं, आणि तेच तिला सहन होईना.

"आजार काही नाही," जनावरांचा डॉक्टर उठून हात झटकत म्हणाला. "दूध कमी पडतंय. पोट भरत नाही तिचं."

सगळ्यांनी कौसल्येकडं बघितलं, कारण बादली तिच्या हातची. द्वारकाबाई पुढं आली. "कुठं गेलं दूध?"

"रतन प्यायली," कौसल्या म्हणाली.

"आन चांदी मेली असती तर?" द्वारकाबाईनं विचारलं.

"मेली असती."

आता सर्जेराव तिला घराबाहेर काढतात, असं तानूबाईला वाटलं. ती दोन पावलं पुढं झाली. पण सर्जेराव हसले, नेहमीसारखे, मोकळे. "एवढंच व्हय? मग आधी न्हाय का सांगायचं, पोरी? पिंपं भरून हाय की घरात. आजपासनं बादलीत दोन मापं जास्ती घाल." त्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि डॉक्टरला चहाला आत नेलं. एक नात दसऱ्यापासून मरणाच्या दारात बसली होती, आणि ते एवढंच होतं.

"पर आधी चांदीला," द्वारकाबाई सुनेला म्हणाली. "तिचं पोट भरलं की मग रतनला. उरंल त्यातलं."

जमलेल्या बायका पांगल्या. चांगला तोडगा निघाला, असं त्यांना वाटलं असावं. ओट्यावरच्या पोरांच्या वाटीतून आणखी दोन मापं जाणार, हे एकीच्याही मनात आलं नाही. तानूबाईच्या आलं. पण तिच्यासमोर एकच पोर उभी होती, आणि तिला ती सोडता येईना. याची लाज तिला मरेपर्यंत वाटली.

"उरलं न्हाय तर?" तिनं द्वारकाबाईला विचारलं.

"उरंल की."

"मी बघाया येईन."

दुसऱ्या दिवशी बादली भरायच्या वेळेला ती गोठ्याच्या दारात येऊन बसली. द्वारकाबाईनं तिला जा म्हटलं, गड्यानं हटकलं. ती उठली नाही. पारडीनं तोंड काढलं की कौसल्या तिचा फेस आणि लाळ पडलेल्या त्या दुधातून रतनची वाटी भरायची. वाटी रिकामी होईपर्यंत तानूबाई बघायची, तोंडाला पदर लावून. ती रोज येत राहिली. रतन पळायला लागली, पारडीची म्हैस झाली, बादलीला तिची पारडी आली, तरी बादलीच्या वेळेला ती दारात असायचीच, आणि द्वारकाबाईनं तिला बसायला कधी पोतं टाकलं नाही.